टपावरचे ऊन

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एरंडोल तालुक्यातून चिंचवडला फोन आला, तेव्हा बाई नेहमीप्रमाणे दिवाणखान्यातल्या कोचावर पाय लांब करून बसल्या होत्या. बाईंचे वय ब्याऐंशी. माहेरचा एकच भाऊ उरलेला, तोही त्यांच्याहून चार वर्षांनी धाकटा, आणि आता अंथरुणाला खिळलेला. भाच्याने फोनवर फारसे काही सांगितले नाही. “आत्याबाई, जमले तर येऊन जा,” एवढेच. जमले तर या शब्दांचा अर्थ बाईंना कळला आणि घरातल्या सर्वांनाही कळला.

अडचण उन्हाची होती. डॉक्टरांनी बाईंना सलग दोन तासांच्या वर बसण्यास मनाई केलेली. गुडघे आणि हृदय दोन्ही थकलेले. रेल्वे म्हणजे जिने, फलाट, धक्के. मोटार म्हणजे आठ-नऊ तास बसणे. पावसाळ्यापर्यंत थांबावे तर भाऊ थांबेल की नाही याची शाश्वती नाही. आणि एप्रिल-मे महिन्यांत खानदेशात जाणे म्हणजे काय, हे जळगाव-भुसावळकडच्या माणसाला सांगावे लागत नाही. पुण्यात चाळिसाला टेकलेला पारा वर्तमानपत्रात बातमी होतो. तिकडे बेचाळीस-त्रेचाळीस हा नित्याचा भाव असतो आणि पंचेचाळीस झाले की मग लोक उन्हाविषयी बोलू लागतात.

थोरल्या मुलाने, म्हणजे घरात ज्यांना सर्वजण भाईजी म्हणतात त्यांनी, उत्तर काढले. दारात एक ट्रॅव्हलर उभी होती. तीन वर्षांपूर्वी कुटुंबाच्या यात्रांसाठी जुनी घेतलेली, मागच्या बाजूला दोन झोपायच्या फळ्या, लहानसा ओटा आणि पाण्याची टाकी बसवून तिचे फिरते घर केलेले. कागदपत्रे रीतसर, मोशीच्या परिवहन कार्यालयातून नोंद करून घेतलेली, कारण नोंदणी झालेल्या गाडीच्या रचनेत मनाप्रमाणे फेरफार करता येत नाहीत आणि फिरत्या घरांसाठी एआयएस-१२४ ही स्वतंत्र नियमावलीच आहे. २०२१ मध्ये राज्याने कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले तेव्हा भाईजींना वाटले होते की आता दर सुट्टीत निघायचे. प्रत्यक्षात गाडी निघाली ती दिवाळीत आणि नाताळात. उन्हाळ्यात तिच्या वाटेला कोणी गेले नव्हते.

ट्रॅव्हलर ही गाडी या पट्ट्यातल्या व्यापाऱ्याला परकी नाही. अहमदनगरच्या नवलमल फिरोदिया यांनी १९५८ साली बजाज टेम्पो ही कंपनी उभारली. २००५ मध्ये तिचे नाव फोर्स मोटर्स झाले आणि तिचे मुख्यालय आकुर्डीलाच आहे. त्या कंपनीच्या तीनचाकीने मराठीला एक सामान्यनाम दिले. आजही कोणत्याही कंपनीची छोटी मालगाडी दुकानापुढे उभी राहिली की हमाल म्हणतो, ‘टेम्पो आला’. बाईंच्या यजमानांनी सत्तरच्या दशकात भोसरीत पत्रा आणि लोखंडी सामानाचे दुकान काढले, तेव्हा टेल्कोच्या आसऱ्याने वाढणाऱ्या लहान कारखान्यांकडे माल जायचा तो याच टेम्पोतून. म्हणून ट्रॅव्हलरवर घराचा थोडा मायेचा भरवसा होता.

तो भरवसा एका दुपारी उतरला. नातवाने, जो यंत्र अभियांत्रिकी शिकून नुकताच दुकानात बसू लागला होता, गाडी अंगणात उन्हात दोन तास बंद ठेवली आणि आत तीन ठिकाणी तापमापक टांगले. बाहेर सावलीत एकोणचाळीस अंश होते. आत फळीच्या उंचीवर एकावन्न. छताखाली वीतभर अंतरावर अठ्ठावन्न. छताला आतून चिकटवलेला मऊ गालिचा हाताला पापडाच्या तव्यासारखा लागत होता. तीन वर्षांपूर्वी ज्याने हे काम केले होते त्याने ‘पूर्ण इन्सुलेशन’ असे देयकात लिहिले होते. गालिचा उचकटल्यावर खाली नुसता पत्रा निघाला. व्यापाऱ्याच्या घरात लेखी शब्दाला किंमत असते. त्या दिवशी भाईजी बराच वेळ काही बोलले नाहीत.

त्यांचा पहिला विचार सरळ होता. मोठा एसी बसवायचा. दीड टनाचा, हवा तर दोन टनांचा. पैसे खर्च करून प्रश्न सुटत असेल तर तो प्रश्नच नव्हे, असे त्यांचे म्हणणे असते आणि पुष्कळदा ते खरेही असते.

नातवाने वही पुढे ओढली. “पप्पा, आधी आवक बघू, मग जावक.”

हिशेब असा होता. स्वच्छ आकाशाखाली भर दुपारी एका चौरस मीटरवर सुमारे एक हजार वॅट एवढी सूर्याची शक्ती पडते. गाडीचा टप दहा-अकरा चौरस मीटर. म्हणजे टपावर दहा किलोवॅटचा विस्तव सतत जळतो आहे असेच धरायचे. एक टनाचा एसी खोलीतून साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढतो. टपावर पडणाऱ्यातला तिसरा हिस्सा जरी आत उतरला तरी तो एसी त्यातच गुंतून राहणार. खिडक्या, पुढची काच, इंजिनाची धग, ओट्यावरचा गॅस आणि माणसे हे सगळे अजून बाकीच. स्वस्थ पडलेला एक माणूसदेखील शंभर वॅटच्या दिव्याएवढी उष्णता बाहेर टाकत असतो. चार माणसे म्हणजे चार दिवे, रात्रभर.

मोठा एसी घेतला तर तो चालवायला वीज मोठी लागेल आणि रस्त्यावर वीज ही विकत मिळणारी वस्तू नाही, ती बरोबर न्यावी लागते. बारा व्होल्टची दोनशे ॲम्पियर-तासांची साधी बॅटरी कागदावर सुमारे अडीच युनिट साठवते. ती खराब होऊ नये म्हणून निम्मीच वापरायची असते. म्हणजे सव्वा युनिट. दीड टनाचा एसी ती बॅटरी तासाभरात रिकामी करील. पुढे काय?

“पुढे इंजिन चालू ठेवायचे,” असे दारात उभे असलेले ड्रायव्हरमामा म्हणाले. “पूर्वी आम्ही असेच झोपायचो. काच बोटभर खाली ठेवायची.”

या वाक्यावर नातवाने वही मिटली आणि मोबाइलवरची एक बातमी वाचून दाखवली. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा येथे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका कॅरव्हॅनमध्ये दोन जण एसी लावून झोपले आणि सकाळी उठलेच नाहीत. गाडीतल्या जनित्राचा धूर तळाच्या छिद्रातून आत शिरला होता, असे तपासात निघाले. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. माणसाला गुंगी येते ती झोपच वाटते. बोटभर उघडी काच ही त्यावरची हमी नव्हे. उलट वारा पडला असेल तर धूर गाडीखालीच रेंगाळतो आणि फटीतून वर येतो.

मामा काही वेळाने म्हणाले, “आमच्या गावाकडचा एक पोरगा असाच गेला होता. आम्हाला वाटले, दारू.”

त्यानंतर इंजिन चालू ठेवून झोपण्याची गोष्ट त्या घरात पुन्हा निघाली नाही.

निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत एक म्हातारे मिस्त्री आहेत. दुधाच्या आणि औषधांच्या थंड गाड्या बांधण्यात त्यांचे आयुष्य गेले. भाईजी त्यांच्याकडून पत्र्याची उधारी वसूल करायला वर्षानुवर्षे जात असत. सल्ला विचारायला प्रथमच गेले. मिस्त्रींनी गाडीभोवती एक चक्कर मारली, टपावर पाण्याचा शिंतोडा टाकून ते चटकन वाळलेले पाहिले आणि म्हणाले, “शेठ, दुधाच्या गाडीला आम्ही आधी भिंत बांधतो, यंत्र नंतर. तुम्ही यंत्र आधी विचारताय.”

मग तीन आठवडे काम चालले. आतले सगळे आच्छादन काढून टाकले. पत्र्याच्या मधल्या गाळ्यांत बंद पेशींच्या फोमचे जाड तक्ते काटेकोर कापून बसवले, त्यावर चंदेरी थर. नातवाला वाटले झाले. मिस्त्रींनी त्याचा हात धरून सांगाड्याच्या लोखंडी पट्टीवर ठेवला. पट्टी तापलेलीच होती. फोमने गाळा अडवला, पण लोखंडाची कड बाहेरच्या पत्र्याला चिकटलेली. उष्णता त्या कडेने आत चालत येते, जशी भरलेल्या धरणाची गळती एका दगडाच्या सांध्यातून होते. म्हणून पट्ट्यांवरही पातळ फोम चढवावा लागला आणि मग त्यावर प्लाय. दीड इंच जागा गेली. बाईंच्या फळीची रुंदी तेवढीच कमी झाली. त्यांना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “मला काय नाचायचे आहे?”

टपाला पांढरा रंग दिला. यात नवे काही नाही. भोसरीच्या पत्र्याच्या शेडांवर उन्हाळ्याच्या तोंडी चुना मारण्याची पद्धत जुनीच आहे. गडद रंग जवळजवळ सगळे ऊन पिऊन टाकतो, स्वच्छ पांढरा त्यातला मोठा भाग परत फेकतो. नंतर टपावर सौर पाट्या बसल्या, तीन, मिळून दीड किलोवॅटच्या. त्या मिस्त्रींनी टपाला चिकटू दिल्या नाहीत. तीन-चार बोटांची मोकळी जागा ठेवून उंचावर बसवल्या, म्हणजे खालून वारा वाहता राहील. पाट्या वीज देतातच, शिवाय टपाला सावली देतात. खरे तर उन्हाळ्यात दुसरा उपयोग पहिल्याहून फारसा कमी नाही. आपल्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्याला मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवशी पुण्यात उभ्या काठीची सावली नाहीशी होते. अशा दिवसांत भिंतींपेक्षा टपच भाजून निघतो, म्हणून पहिला खर्च टपावर.

काचांचा प्रश्न निराळा होता. काळ्या फिल्मा लावण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली मनाई केली, तेव्हा तो मार्ग नव्हता. घरात शिवलेले जाड पडदे होते, पण पडदा काचेच्या आत असतो. ऊन काचेतून आत आले, पडद्याला तापवून मोकळे झाले, मग पडदा उष्णता आतच सोडतो. अडवायचे तर काचेच्या बाहेर. धाकट्या सूनबाईंनी चंदेरी ताडपत्री आणि जुनी गोधडी यांचे पुढच्या काचेच्या मापाचे आवरण शिवले. गाडी थांबली की ते बाहेरून बांधायचे. सगळ्या खटाटोपात सर्वांत स्वस्त वस्तू तीच आणि नातवाच्या तापमापकांनी सर्वांत मोठा फरक दाखवला तोही तिचाच. ही गोष्ट सूनबाईंनी पुढे घरात कोणाला विसरू दिली नाही.

एसी शेवटी एक टनाचाच बसला. पूर्ण जोरात तो सुमारे हजार वॅट घेतो आणि गाडी गार झाल्यावर निम्म्यावर येतो. लिथियमची पाच युनिटांची बॅटरी, दिवसा पाट्यांकडून येणारी पाच-सहा युनिटे. रात्रीचे आठ तास निभावतील, पण दुपार आणि रात्र दोन्ही निभावणार नाहीत. दुपारसाठी कूलर घ्यावा का, यावर चर्चा झाली. खानदेशच्या कोरड्या हवेत वाळ्याच्या ताट्या आणि कूलर उत्तम चालतात; पाणी उडून जाताना हवेतली उष्णता घेऊन जाते. पण जूनमध्ये हवेत दमटपणा आला की तोच कूलर नुसता चिकचिकाट करतो, आणि खिडकी उघडी ठेवली नाही तर मे महिन्यातही. बाईंची अट अशी की कूलरच्या टाकीत पाणी साठवून ठेवायचे नाही; रोज गाळून भरायचे आणि रोज काढून टाकी वाळवायची. डासांच्या अळ्या होऊ नयेत म्हणून आरोग्य खातेही आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून वाळवायला सांगते. फिरत्या गाडीत एवढे पाणी कुठून आणायचे, म्हणून कूलर राहिला. टपाला एक बाहेर हवा फेकणारा पंखा आणि सावलीच्या अंगाला खाली एक जाळी, एवढ्यावर दुपार काढायची ठरले. गरम हवा वर चढते. तिला वरून वाट दिली आणि खालून गार हवेला बोलावले की काम अर्धे होते.

गाडीची परीक्षा मात्र घरी न घेता चाकणजवळ महाळुंग्याच्या गोदामात घ्यायची असे भाईजींनी ठरवले. घरच्या अंगणात झाडे आहेत, ती खोटी साक्ष देतात. गोदामाभोवती सगळे काँक्रीट, पत्रा आणि डांबर. दिवसभर तापलेली जमीन मध्यरात्रीपर्यंत धग सोडत राहते. मेच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी बाई, भाईजी, नातू आणि ड्रायव्हरमामा तिथे मुक्कामाला गेले. सूर्यास्तापूर्वी घरून आणलेले जेवण झाले. ओट्यावर काही शिजवले नाही, कारण गाडीत गॅस पेटवणे म्हणजे दिवसभर काढलेली उष्णता हौसेने परत आणणे.

नऊ वाजता आत सव्वीस अंश होते. बाईंना पांघरूण लागले. भाईजींच्या चेहऱ्यावर सौदा नीट बसल्याचे समाधान होते.

रात्री एकच्या सुमारास बाईंना जाग आली. वयोमानाने त्यांना रात्री दोनदा उठावे लागते. नातवाचा हात धरून त्या खाली उतरल्या आणि कुंपणाच्या बाहेर त्यांची नजर गेली. रस्त्याच्या कडेने ट्रक आणि कंटेनर ओळीने उभे होते. चाकणला हे दृश्य रोजचे आहे. कोणत्या कारखान्याचे फाटक सकाळी उघडेल, कोणाचा माल दुपारी उतरेल. तोवर चालकाने थांबायचे. अनेक जण गाडीखाली, दोन चाकांच्या मधल्या जागेत, चटई टाकून पडले होते. एकाने ट्रकच्या पोटाला चादरीची झोळी बांधली होती. एक क्लीनर पोरगा टपावरच्या ताडपत्रीवर उताणा होता. केबिनमध्ये कोणीच नव्हते.

“आत का नाही झोपत हे?” बाईंनी विचारले.

“आत भट्टी असते, दादी. पुढे एवढी मोठी काच, खाली इंजिन. ते गार व्हायला मध्यरात्र उलटते.”

बाई थोडा वेळ उभ्या राहिल्या. “आणि आपले मामा?”

नातवाने गाडीच्या पुढच्या बाजूकडे पाहिले. चालकाची जागा आणि मागचे घर यांमध्ये मिस्त्रींनी पक्की भिंत घातली होती, फोमची, सरकत्या दाराची. गारवा पुढे वाया जाऊ नये म्हणून. हिशेबाच्या वहीत त्या भिंतीची नोंद ‘बचत’ या सदरात होती. पुढच्या आसनावर मामा नव्हते. ते गोदामाच्या पायरीवर, पुठ्ठ्याच्या दोन खोक्यांवर झोपले होते, तोंडावर पंचा, डासांसाठी.

बाईंनी त्यांना उठवले नाही. वर येऊन त्यांनी भाईजींना उठवले.

“उद्या गाडी कोण चालवणार?”

“मामा.”

“आणि ते झोपले कुठे?”

भाईजी काही बोलले नाहीत. बाईही पुढे बोलल्या नाहीत. फळीवर आडव्या झाल्या, पण पांघरूण घेतले नाही.

सकाळी सरकते दार काढून टाकले. नातवाने नवा हिशेब मांडला. चार दिव्यांऐवजी पाच, आणि पुढच्या मोठ्या काचेचा बोजा आता घराच्याच खात्यावर. बॅटरी आठ तासांऐवजी साडेसहा तास पुरणार होती. त्यावर तोडगा म्हणून तापमान सव्वीसऐवजी अठ्ठावीसवर ठेवून आत एक लहान पंखा लावायचा ठरले. पंखा पंचवीस-तीस वॅटचा आणि दोन अंशांची भरपाई तो सहज करतो. हे आधीच सुचायला हवे होते, असे नातू नंतर म्हणाला.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात गाडी पहाटे साडेतीनला निघाली. चाकणच्या चौकातली कोंडी जागी होण्यापूर्वी ती पार झाली. राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आळेफाटा. उजाडले तेव्हा चंदनापुरीचा घाट लागला होता. संगमनेरला दूध, सिन्नरला थोडा थांबा. धावत्या गाडीत इंजिनावरचा एसी चालतो, त्याला वेगळी वीज लागत नाही, म्हणून जितके अंतर सकाळी काटता येईल तितके काटायचे होते. मालेगाव ओलांडले आणि हवेचा पोत बदलला. खिडकीच्या काचेला बाहेरून हात लावावासा वाटेना.

दुपारी साडेबाराला धुळ्याच्या अलीकडे थांबणे भाग होते. मामांना विश्रांती हवी होती आणि तापलेल्या रस्त्यावर टायर फुटण्याचे भय दुपारी सर्वाधिक. रस्त्याच्या बाजूला दोन कडुनिंब होते. इथे नातू आणि मामा यांचा वाद झाला. नातवाला गाडी उन्हात हवी होती, पाट्यांना वीज मिळावी म्हणून. मामांना सावलीत.

“पाटीला ऊन पाहिजे म्हणून माणसाने उन्हात बसायचे?” मामांनी विचारले.

नातवाने मनात आकडे जुळवले आणि गाडी सावलीत घ्यायला सांगितली. उन्हात जेवढी वीज मिळाली असती, त्याहून जास्त एसीने त्याच उन्हाशी झगडण्यात खाल्ली असती. कडुनिंबाखाली बाहेर बेचाळीस होते. एसी न लावता, वरचा पंखा आणि खालची जाळी उघडी ठेवून, आत सदतीस. सदतीसला काही गार म्हणत नाहीत. पण बाई ओला पंचा मानेवर ठेवून दोन तास पडून राहिल्या आणि मामा पहिल्यांदाच समोरच्या फळीवर झोपले, संकोचाने अगदी कडेला, पाय बाहेर काढून.

पारोळ्याहून पुढे सूर्य कलल्यावर ते गावी पोहोचले. भावाचे घर धाब्याचे होते. मातीच्या दीड हात रुंद भिंती, वर लाकडी सरे, त्यावर काटक्या आणि मातीचा जाड थर. खानदेशात अशी घरे आता कमी होत चालली आहेत. ज्याला त्याला सिमेंटचे छत हवे असते आणि नंतर त्याखाली एसी हवा असतो. बाहेर अजून एक्केचाळीस होते. नातवाने सवयीने तापमापक आत नेला. तेहतीस. ना पंखा, ना वीज. जाड माती दुपारचे ऊन संथपणे पिते आणि ते आतपर्यंत पोहोचायच्या आधी संध्याकाळ होते. रात्री तीच माती गार होऊन बसते. पत्र्याच्या गाडीला हे कधीच साधायचे नाही. तिच्या अंगात साठवणूकच नाही. एसी बंद केला की अर्ध्या तासात सारे आधीसारखे. तीन आठवड्यांची मेहनत, फोम, पाट्या, लिथियम, आणि इथे चिखलाची भिंत. नातू ते आकडे वहीत लिहून बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिला.

बाई भावाच्या खाटेशेजारी बसल्या. त्यांनी त्याचा हात हातात घेतला. भाऊ बोलत नव्हता, पण ओळखत होता.

“कशी आलीस एवढ्या उन्हाची?” असे त्याने दुसऱ्या दिवशी, फार हळू, विचारले.

“झोपून,” बाई म्हणाल्या.

त्या अकरा दिवस तिथे राहिल्या. गाडीत एकदाही झोपल्या नाहीत. धाब्यावर रात्री वारा असे, पण त्यांना जिना चढवत नव्हता, म्हणून त्या खाली भावाच्याच खोलीत झोपत. गाडी अंगणातल्या निंबाखाली उभी होती आणि त्या अकरा रात्री तिच्यात ड्रायव्हरमामा झोपले, बाईंच्या फळीवर. भाच्याने घरातून विजेची तार काढून दिली होती.

आषाढात भाऊ गेला. त्या वेळी बाईंना जाता आले नाही.

भाईजींच्या पेढीचे तीन ट्रक आहेत, सगळे जुने, बिनएसीचे. जूनमध्ये त्यांनी तिन्ही ट्रक एकेक करून निगडीला मिस्त्रींकडे पाठवले. केबिनच्या टपाला आतून फोम, बाहेरून पांढरा रंग, काचेवर बांधायचे शिवलेले आवरण आणि बॅटरीवर चालणारा एक पंखा. मिस्त्रींनी विचारले, “शेठ, यात भाड्याला काय फायदा?” भाईजींनी त्याचे उत्तर दिले नाही; रोखीने पैसे दिले, जे त्यांच्या बाबतीत उत्तरच समजावे.

दिवाळीला चौथा ट्रक घ्यायचा होता. २२ सप्टेंबरपासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे बाजारात उत्साह होता. दुसरीकडे, डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेनुसार १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाच्या मालवाहू गाड्यांच्या केबिनमध्ये एसी असणे बंधनकारक झाले. जे ट्रक त्या तारखेआधी बनून विक्रेत्याकडे उभे होते, त्यांना तो नियम लागू नव्हता. विक्रेत्याने भाईजींना तशीच एक गाडी दाखवली. तेच इंजिन, तीच हौदाची लांबी, किंमत कमी आणि ताबा त्याच दिवशी.

“ड्रायव्हरला कशाला एसी, शेठ? झोप लागते त्यांना,” तो म्हणाला.

भाईजींनी बरोबर आणलेल्या ड्रायव्हरमामांना केबिनमध्ये चढायला सांगितले. दुपारचे दोन वाजले होते. मामा आत बसले, दार लावून घेतले, आणि सावकाश पाच मिनिटांनी घाम पुसत उतरले.

“कोणत्या महिन्याची आहे ही?” भाईजींनी विचारले.

“सप्टेंबरची.”

“ऑक्टोबरची दाखवा,” ते म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.